बिल्ला आधी दारात आणा

शेतीचा कारभार मुलांच्या हाती गेला तरी दावण सोडवत नाही, अशी माणसे हिंगोली जिल्ह्यात गावोगाव आहेत. सेनगावकडचा एखादा निवृत्त शिक्षक घरामागे लाल कंधारी गाय बांधतो, वसमतचा दुकानदार परसात दोन उस्मानाबादी शेळ्या आणि थोड्या गावरान कोंबड्या पाळतो. चारा-पेंडीचा हिशेब मांडला तर पदरचेच पैसे जातात. तरी पोळ्याला दारात जनावर हवे, ही हौस. सरकारी कागदावर या माणसासाठी वेगळा रकाना नाही. शंभर म्हशींचा गोठा असो की परसातली एकुलती गाय, नियम एकच.

हा नियम 1 जून 2024 पासून लागू आहे. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीवर त्याची नोंद नसेल तर ते बाजारात विकता येत नाही, गाडीत घालून नेता येत नाही. ग्रामपंचायतीच्या विक्री दाखल्यावरही बिल्ल्याचा नंबर लागतो. वीज पडून किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात बिनबिल्ल्याचे जनावर दगावले तर भरपाई नाही. सर्वांत जाचक म्हणजे सरकारी दवाखान्यातले उपचारही बिल्ल्याशी बांधले आहेत.

बिल्ला हवाच. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा बाजार बंद झाले. दगावलेल्या गायीसाठी 30 हजार, बैलासाठी 25 हजार आणि वासरासाठी 16 हजार रुपयांची मदत ठरली. पण कोणाच्या दावणीला किती जनावरे आणि लस कोणाला मिळाली, हे ठाऊक नसेल तर साथ आवरणार कशी? त्याआधी जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या मेल्या आणि आसपासच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. रोगाला हौस आणि धंदा यांतला फरक कळत नाही. म्हणून हौशी पाळणाराही नोंदीत यायलाच हवा.

प्रश्न तो नोंदीत यायचा कसा, हा आहे. बिल्ला मारायचा म्हणजे एकाने जनावराची मान आवळून धरायची, दुसऱ्याने कानातल्या शिरा चुकवून पक्कड दाबायची, जखमेला औषध लावायचे आणि मग मोबाइलवर जात, वय, वेत, मालकाचा नंबर भरायचा. मोठ्या गोठ्यावर पथक एका फेरीत हे उरकते. एका गायीसाठी वाट वाकडी कोण करणार? मालकाने गाय दवाखान्यात न्यावी म्हटले तर बिनबिल्ल्याच्या जनावराची वाहतूकच बंद! बाभळीच्या फांदीत अडकून बिल्ला तुटला, तर नोंद असलेले जनावरही पुन्हा बेनोंद ठरते. रात्री पोट फुगलेल्या गायीच्या मालकाला ‘आधी बिल्ला’ असे सांगणारी व्यवस्था नियम पाळत असेल, जनावर मात्र वाचवत नाही.

शिवाय हा माणूस समाजाचे एक काम फुकट करतो आहे. लाल कंधारी ही मराठवाड्याची ओढकामाची जात. दूध बेताचे, आणि ओढकाम ट्रॅक्टरने घेतले. नफ्याच्या हिशेबात ती बसत नाही. मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणजे थकलेला बैल शेवटपर्यंत पोसायचा. हे आनंदाने करणारे लोक कागदाला कंटाळून दावण मोकळी करू लागले, तर जातीच्या संवर्धनाची भाषणे कोणासाठी करायची?

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने यंदा तीन गोष्टी कराव्यात. उपचार आधी व्हावा आणि त्याच भेटीत बिल्ला मारला जावा. 1962 क्रमांकाच्या फिरत्या पथकाकडेही पक्कड व बिल्ले असावेत. लसीकरणाचा दिवस गावात दवंडी देऊन जाहीर व्हावा आणि सुटलेली करडे-वासरे व तुटलेले बिल्ले त्याच दिवशी नोंदवले जावेत. मालकी बदलण्याची नोंद जनावरांच्या बाजाराच्या फाटकावरच व्हावी, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्याला नंतर तालुक्याला खेटे घालावे लागणार नाहीत. गावातल्या प्रत्येक दावणीपर्यंत पथक एकदा तरी पोहोचल्याचे ग्रामपंचायतीने लिहून देईपर्यंत त्या गावात उपचार किंवा भरपाई नाकारली जाऊ नये.