कानाला फोन, डोक्याला ताप!
भिवंडीतल्या पत्र्याच्या गोदामात बसून डिस्पॅच सांभाळणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आत रेंज नाही! पण फोन कसला ऐकतोय? टॉवर गाठायला तो जास्त पॉवर लावतो, आणि तेही तुमच्या कानाशी. म्हणून लांबलचक कॉल असेल तर सरळ शटरबाहेर या. स्पीकर किंवा वायरवाला इअरफोन लावा. फोन हातभर लांब गेला की लहरींचा जोर झपाट्याने उतरतो. नवा हँडसेट घेताना *#०७# दाबून ‘सार’चा आकडा बघा. आपल्याकडे २०१२ पासून मर्यादा आहे १.६ वॅट प्रति किलो.

‘फोन धरला की डोकं ठणकतं’ म्हणणाऱ्या कलीगला मात्र वेड्यात काढू नका. त्रास खरा असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ मध्ये मान्य केलंय. पण तो लहरींमुळेच होतो, हे काही सिद्ध झालेलं नाही. चाचण्यांमध्ये लहरी चालू आहेत की बंद, हे अशा मंडळींनाही इतरांपेक्षा जास्त अचूक सांगता आलं नाही. तेव्हा फोन लांब ठेवाच, पण डॉक्टरही गाठा. नाहीतर दुखण्याचं मूळ निघायचं चष्म्याच्या नंबरात, आणि तुम्ही आपले हँडसेट बदलताय!