चिंध्यांची वीट

जुनी साडी बोहारणीला दिली, मऊ लुगड्याची गोधडी शिवली. पण शिंप्याकडची कात्रणं, विटके टी-शर्ट? ते थेट उकिरड्यावर!

पॅरिसच्या क्लॅरिस मर्ले या वास्तुरचनाकार तरुणीने टाकाऊ कपड्यांचा बारीक भुगा केला, त्यात पर्यावरणाला न बाधणारा गोंद कालवला आणि साच्यात दाबून विटा पाडल्या. एका विटेत साधारण २-३ टी-शर्ट जिरतात. ही वीट छताचा भार पेलत नाही. पण घरातला आडोसा होतो, आवाज अडवते.

मैत्रिणींनो, इचलकरंजी-मालेगावात चिंध्यांना काय तोटा? उद्या असा उद्योग आपल्याकडे निघालाच, तर चिंध्या निवडायला बाई आणि मालक भलताच, असं नको. यंत्र बचत गटाच्या नावावर हवं. चिंधीचं मोल आधी तिनेच ओळखलंय!