पडवीतले जुने वॉशिंग मशीन भंगारात का घालता?

सूरजागडच्या डोंगराची चर्चा आता राजकारण्यांपुरती उरलेली नाही. हेडरी, एटापल्ली, आलापल्ली ते आष्टी या रस्त्यावर ज्यांची दुकाने आहेत, त्या आमच्या व्यापारी बांधवांच्या गल्ल्यावर आणि मालावर ती तांबड्या धुळीच्या रूपाने रोज येऊन बसते. येथील लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला. २०१६ साली खोदकाम सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली आणि काम थंडावले. २०२१ पासून ते पुन्हा जोरात चालू झाले, आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांऐवजी १ कोटी टन खनिज काढण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली. खाण चांगली की वाईट, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. व्यापाराच्या या पानावर आम्हाला त्यातून निघालेल्या एका लहानशा गोष्टीविषयी बोलायचे आहे. ती गोष्ट म्हणजे कपडे धुण्याचे यंत्र.

धूळ वाढली तसे धुणे वाढले. खाणीवर जाणाऱ्याचा शर्ट, ट्रक चालवणाऱ्याची पँट, रस्त्याकडेच्या घरातली चादर, सगळ्यांना तोच रंग. घरातल्या बायकांचे हात किती चालणार? म्हणून हाती थोडा पैसा आलेल्या घरांत नवे मशीन येते, बहुधा हप्त्यावर. आणि त्याच घराच्या पडवीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे दोन टबांचे मशीन कांद्याची पोती डोक्यावर घेऊन उभे असते. एक दिवस भंगारवाला येतो, ते वजनावर नेतो, घणाने फोडतो, तांबे वेगळे, लोखंड वेगळे, प्लास्टिक वेगळे. भंगारवालाही आपलाच, मोटर रिवायंडिंग करणारा मिस्त्रीही बहुतेक वेळा आपलाच, आणि तरी दोघे एकमेकांना विचारीत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की यातली बरीच यंत्रे फोडण्याच्या लायकीची नसतात. घरच्या घरी, थोड्या धीराने ती पुन्हा चालू होतात.

लोकांच्या मनात एक गैरसमज पक्का बसला आहे. कंपनी बंद पडली म्हणजे मशीन संपले! १९९० च्या दशकात महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरांत व्हिडिओकॉनचे वॉशिंग मशीन ही प्रतिष्ठेची वस्तू होती. औरंगाबादजवळच्या चितेगावचा त्यांचा कारखाना मराठी माणसाला अभिमानाचा वाटे. ती कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या काळची आणखीही काही नावे बाजारातून गेली. पण दोन टबांच्या यंत्राच्या पोटात काय असते? धुण्याची एक मोटर, पिळण्याची एक मोटर, दोन कपॅसिटर, दोन टायमर, एक पट्टा, काही रबरी सील आणि ब्रेकची तार. यातले जवळजवळ सर्व सामान आजही चंद्रपूर-नागपूरच्या बाजारात मिळते, कारण एका कंपनीचा भाग थोडाफार जुळवून दुसरीला बसतो. आजच्या फुल ऑटोमॅटिक यंत्राचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले तर मिस्त्री हात वर करतो. जुन्या यंत्रात लपवण्यासारखे काही नसते.

आता काम कसे करावे ते सांगतो, कारण केवळ उपदेशाने मशीन फिरत नाही.

कित्येक वर्षे पडून राहिलेले यंत्र पाहताच प्लग लावून बघण्याचा मोह होतो. तो टाळावा. अर्ध्याहून अधिक मोटरी याच घाईत जळतात असे अनुभवी मिस्त्री सांगतात. आधी मागचा पत्रा काढावा. आत उंदराचे घरटे, कुरतडलेल्या वायरी, झुरळांची वस्ती सापडेल. ब्रशने झाडून, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. मोटरीवर पाणी मारू नये. वायरीचे आवरण जिथे फुटले असेल तिथे टेप गुंडाळून भागवू नये, ती वायरच बदलावी. नंतर यंत्र दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही! वायंडिंगमध्ये मुरलेली ओल त्याने निघते.

ऊन दिल्यावर दोन्ही मोटरी हाताने फिरवून पाहाव्यात. सहज फिरल्या तर निम्मे काम झाले. अडकत असतील तर बुश सुकले आहेत किंवा गंजले आहेत. तिथे खाण्याचे तेल मुळीच घालू नये, ते चिकटून बसते. मोटर उतरवून बुश साफ करावेत व मशीनचे तेल द्यावे. मग वायंडिंग व बॉडी यांच्यात गळती आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. सिरीज बल्बने ढोबळ अंदाज येतो, पण मेगर असेल तर तोच खरा. निदान १ मेगाओम दाखवला पाहिजे. यात उतरले नाही तर मोटर रिवायंडिंगला द्यावी. जुन्या मोटरींत पुष्कळदा तांब्याची तार असते, तर आजच्या स्वस्त मोटरींत बऱ्याच वेळा ॲल्युमिनियमची. म्हणजे जुनी मोटर टाकून नवी स्वस्त घेणारा नेहमीच फायद्यात राहतो असे नाही.

मोटर गुं-गुं करते आणि फिरत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त येते. दहापैकी बऱ्याच वेळा दोष कपॅसिटरचा असतो. तो फुगलेला किंवा तेल गाळत असलेला दिसतो, कधी वरून काहीच दिसत नाही. डब्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिले असतील तितक्याचाच, ४४० व्होल्टचा नवा घ्यावा. जास्तीचा लावला की जोर वाढतो, ही मिस्त्री लोकांतली समजूत मोटरीला मारक आहे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते, म्हणून हात लावण्याआधी बल्बच्या दोन वायरी टेकवून ती उतरवावी.

टबाच्या तळाशी जी चक्री फिरते, तिचा मधला स्क्रू गंजून बसलेला असतो. त्यावर रात्रभर रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल ठेवावे. स्क्रू निघाल्यावर चक्रीखालून दोन बाजूंनी सुतळी घालून सरळ वर ओढावी. पेचकसाने उचकटली तर प्लास्टिक फुटते आणि मग सगळीच मेहनत वाया जाते. खाली वर्षानुवर्षांचा गाळ, नाणी, गुंड्या निघतील. तिथले ऑइल सील कडक झालेले असतेच. ते न बदलता यंत्र जोडणे म्हणजे उद्या पाणी थेट गिअरबॉक्सवर आणि मोटरीवर सोडणे. सील, पट्टा, पाणी सोडण्याच्या झडपेचे रबर, ही सारी खरेदी काही शेकड्यांत होते. नवे दोन टबांचे यंत्र मात्र आठ-दहा हजारांकडे जाते.

खालचा पत्रा गंजला असेल तर घासून रेड ऑक्साइड प्रायमर मारावा. गंमत पाहा, त्या प्रायमरचा तांबडा रंग आणि सूरजागडची धूळ यांची जात एकच आहे. दोन्ही लोहाचे ऑक्साइड. एकीने पत्रा वाचतो, दुसरीने शर्ट जातो.

त्या शर्टाविषयीही दोन शब्द. खनिजाची धूळ जड असते. खाणीवरचे कपडे तसेच टबात टाकले की ती चक्रीखाली जाऊन बसते आणि वाळूसारखी सील घासते. म्हणून कपडे आधी बाहेर झटकावेत, साध्या पाण्यातून एकदा काढावेत, मग यंत्रात घालावेत. तांबड्या डागावर ब्लीचिंगचे पाणी टाकण्याची सवय सोडावी, लोहाचा डाग त्याने निघत नाही, उलट पक्का होण्याची भीती असते. लिंबूसत्व बरे काम करते, आणि टबाला चढलेला क्षारही त्यानेच सुटतो.

आता ज्या बाबतीत आम्ही कोणाचीही भीड ठेवणार नाही ती बाब. पिळण्याच्या टबाचे झाकण उघडले की मोटर बंद व्हावी आणि ब्रेक लागून टब काही क्षणांत थांबावा, अशी योजना यंत्रात असते. झाकणाचा स्विच बिघडला की काही मिस्त्री दोन वायरी थेट जोडून देतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, “झाले काम!” वेगाने फिरणाऱ्या टबात लहान मुलाचा हात गेला तर? अशी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे, तो गुन्हा आहे. तेच अर्थिंगचे. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र असलेल्या वस्तूला तिसरी पिन नुसती शोभेला असून चालत नाही. आडगावात दिवे मिणमिणतात, व्होल्टेज पडते, तेव्हा मोटर जास्त करंट ओढते व तापते. अशा वेळी यंत्र बंद ठेवावे किंवा स्टॅबिलायझर लावावा, आणि गिऱ्हाइकाला हे तोंडाने सांगावे.

सगळीच यंत्रे वाचवावीत असे आमचे म्हणणे नाही. टबाला तडा गेला असेल, बैठक गंजून तिची चाळण झाली असेल, दोन्ही मोटरी जळाल्या असतील, तर त्याचे सुटे भाग दुसऱ्या यंत्रासाठी ठेवून बाकीचे मोडीत द्यावे. समोरून दार असलेल्या यंत्राचे बेअरिंग गेले आणि त्याचा टब कायमचा जोडलेला निघाला, तर त्याच्या नादी लागू नये.

हे सर्व घरगुती काटकसरीपुरते असते तर आम्ही येथे इतकी जागा घेतली नसती. हप्त्यावर वस्तू घेण्याची जी चाल पडली आहे, तिच्यात सूद कुठे उघड तर कुठे झाकलेला असतो. शून्य टक्के म्हणून जाहिरात होते आणि प्रोसेसिंगच्या नावाने रक्कम कापली जाते. ज्यांना सुदापासून दूर राहायचे आहे अशा कुटुंबांना आम्ही नुसते ‘घेऊ नका’ म्हणतो, पण रोखीत परवडेल अशी वस्तू त्यांच्यापुढे ठेवीत नाही. दुरुस्त केलेले यंत्र ही ती वस्तू आहे. आमच्या व्यापाऱ्यांनी हे ओळखायला हवे होते. हुजूर (स.) स्वतःची पादत्राणे सांधत, कपड्याला ठिगळ लावत, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीतून आपण मुलांना शिकवतो, आणि घरातली दुरुस्त होण्याजोगी वस्तू मात्र घणाखाली देतो. इस्राफ म्हणजे फक्त लग्नातली जेवणावळ नव्हे.

मात्र जुन्या मालाच्या धंद्याचे नाव खराब आहे, आणि ते आपणच केले आहे. वरून रंग मारायचा, आतली जळकी मोटर तशीच ठेवायची. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा हुजूर (स.) यांनी पकडला व ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले, ही हकिकत प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. तिचा अर्थ या धंद्यात असा, की काय बदलले आणि काय जुनेच आहे हे पावतीवर लिहून द्यावे.

कायद्याकडेही लक्ष हवे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि वॉशिंग मशीन त्यांच्या यादीत आहे. जुनी यंत्रे मोठ्या प्रमाणावर गोळा करून मोडणे किंवा नवी करून विकणे हा धंदा करायचा तर नोंदणीचे काय, हे चंद्रपूरच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. तांब्यासाठी उघड्यावर वायरी जाळणे तर आजच बंद करावे. तो धूर प्रथम आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जातो.

सरकारलाही एक विचारणे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात धोबी आहे, शिंपी आहे, कुलपे बनवणारा आहे. धोब्याचे काम ज्या यंत्राने उचलले, ते यंत्र दुरुस्त करणारा त्यात नाही. मोटर रिवायंडिंग ही कारागिरी नव्हे काय?

तोवर सुरुवात आपल्याकडूनच व्हावी. आलापल्ली-एटापल्लीच्या भंगारवाल्यांनी घण उचलण्याआधी यंत्र एकदा मिस्त्रीला दाखवावे, आणि त्यातून निघणारा नफा कसा वाटायचा ते दोघांनी आधीच बोलून ठेवावे. विकताना तीन महिन्यांची लेखी हमी द्यावी. पावसाळा तोंडावर आला की कपडे वाळत नाहीत, पिळण्याच्या टबाला मागणी येते. म्हणून पडवीतली यंत्रे उन्हाळ्यातच उन्हात काढलेली बरी.