उपग्रहाला झाड दिसते, माणूस दिसत नाही!

पूर्व विदर्भातल्या एका वनहक्क दाव्याच्या सुनावणीला आम्ही हजर होतो. दावेदार साठी ओलांडलेली बौद्ध बाई. आजे-सासऱ्याने जंगलाच्या कडेला घातलेली धानाची बांधी ती आजही कसते. गावच्या म्हाताऱ्यांचे जबाब होते, बांध होते, विहीर होती. समितीने ते पाहिलेच नाही. संगणकावर एक चित्र उघडले आणि निकाल एका वाक्यात दिला, 'उपग्रह चित्रात शेती दिसत नाही!'

का दिसत नाही, हे कुणी सांगेल काय?

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था देशाच्या वनाच्छादनाचा नकाशा ज्या चित्रांवरून तयार करत आली, त्यांतला एक ठिपका २३.५ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे. एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा त्या नकाशात वेगळा दाखवलाच जात नाही. अर्ध्या एकराची बांधी तिथे कुठून दिसणार? याहून बारीक चित्रे मिळतात, हे खरे. पण धान उभे असते तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते आणि कापणीनंतरची कोरडी बांधी वरून पडीक माळासारखी दिसू शकते. उलट एक हेक्टर जागेवर दहा टक्के वृक्षछत्र असले की ती जागा वनाच्छादनात धरतात, मग ती मालकीची आमराई का असेना. म्हणजे बागायतदाराची बाग जंगल ठरते आणि गरिबाचे शेत गायब होते!

यात आपल्या समाजावर दुहेरी मार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. जंगलपट्ट्यातले बौद्ध याच वर्गात मोडतात. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ सालचा आणि आपला आयआरएस-१ए १९८८ सालचा. १९३० ची साक्ष आभाळ कशी देणार? ती गावातली म्हातारी माणसेच देणार.

कायदाही हेच सांगतो. नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, घर, बांध, विहीर हे सारे पुरावे म्हणून मान्य आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आलेला नियम १२-अ तर स्पष्ट बजावतो की, उपग्रह चित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानेही उपग्रह चित्रांवर विसंबून फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी करायला लावली. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा अतिक्रमणे मोजायला उपग्रह सर्वेक्षणच सांगितले गेले. देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला हटविण्याच्या आदेशाला स्थगिती मिळाली. टांगती तलवार सर्वांनी पाहिली आहे.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. बाबासाहेबांनी यंत्राला कधी दोष दिला नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेला दिला. उपग्रहाला जात नाही, पण चित्र वाचणाऱ्या खुर्चीला असते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली, ती जमिनीच्या तुकड्यासाठी. तोच तुकडा आज संगणकाच्या एका कळीने काढून घेतला जात असेल, तर आपण गप्प बसायचे काय?

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. दावा फेटाळला तर कारणे लेखी मागा. ज्या चित्रावरून फेटाळला त्याची तारीख विचारा आणि त्याची प्रत माहिती अधिकारात मिळवा. ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत वर दाद मागा. चित्र आपल्या बाजूचे निघाले तर तेही दाव्याला जोडा. आणि सर्वांत आधी, आज हयात असलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. उपग्रह उद्याही फिरत राहील. १९३० चे गाव सांगणारी माणसे उद्या नसतील.