पास एकच, पण मध्ये बस!

ऑस्ट्रियात आर्लबर्ग नावाचा डोंगराळ भाग आहे. बर्फावरच्या स्कीइंगसाठी प्रसिद्ध. खिंडीच्या एका बाजूला सेंट अँटोन, दुसरीकडे झुर्स. कंपन्या वेगळ्या, राज्यंही वेगळी. पास मात्र दोन्हीकडे एकच चालायचा. तरी पलीकडे जायचं तर गिऱ्हाइकानं पायातल्या स्की काढायच्या आणि बस पकडायची. 2016-17 च्या हंगामात फ्लेक्सेनबान हा नवा रोपवे सुरू झाला आणि बसची गरज संपली. आज तिथे सुमारे 300 किलोमीटरचे उतार एकमेकांना जोडलेले आहेत.

माझं मत स्पष्ट आहे: एकत्र पास म्हणजे अर्धंच काम. समजा तुमचं साड्यांचं दुकान आहे, शेजारी टेलर आहे. एकमेकांची कार्डं ठेवलीत, छान. पण ताईंचा हेलपाटा वाचला का? ब्लाउजचं माप तुमच्याच दुकानात घ्या, तयार ब्लाउजही तिथूनच द्या. पैशांची वाटणी मात्र आधी कागदावर लिहून घ्या.

गिऱ्हाईक शेजारी पळेल, ही भीती मलाही वाटायची. पण ते कंटाळून बाजारातूनच गेलं, तर नुकसान दोघांचंही. तुमच्या धंद्यात ही 'बस' कुठे आहे? आजच शोधा.