डिझेल इंजिनाची दुरुस्ती आणि हमीचा कागद

धान्याच्या व्यापाऱ्याचे लक्ष सदैव भावाकडे असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु चैत्र-वैशाखात गव्हाची आवक भरात आली म्हणजे त्याचे निम्मे लक्ष मालमोटारीकडे लागलेले असते. अशा दिवसांत करोंद मंडीतून माल वाहणारी एखादी गाडी आठवडाभर कारखान्यात पडून राहिली, तर भाडे बुडते. चालकाचा पगार व कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून इंधनयंत्रणेच्या दुरुस्तीचा निर्णय मिस्त्रीवर सोपवून चालणार नाही. तो पेढीच्या मालकानेच विचारपूर्वक घेतला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९५१ साली मायको कंपनी स्थापन झाली व पुढे डिझेलचे पंप आणि नोझल देशात होऊ लागले. १९५४ साली टेल्कोने जमशेदपुरास मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या काळची यंत्रणा साधी होती. गावोगावचे कुशल कारागीर ती खोलून दुरुस्त करीत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले व नव्या गाड्यांचे स्वरूप पालटले. ह्या यंत्रणेत डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. पंपातील व इंजेक्टरमधील फटी केसाहून सूक्ष्म असतात, आणि त्यांचे वंगण डिझेल हेच असते. त्यात पाणी किंवा धूळ शिरली की भाग झिजतात व धातूचा कीस पुढे इंजेक्टरपर्यंत वाहत जातो. अशा वेळी केवळ पंप बदलून टाकी व नळ्या तशाच ठेवल्या, तर नवा पंपही लवकरच निकामी होण्याचा संभव असतो.

खरा वाद येथेच उत्पन्न होतो. हमी असते ती निर्मितीतील दोषाची. दूषित इंधनाने झालेली हानी बहुधा तीतून वगळलेली असते. कंपनीचा माणूस म्हणतो, डिझेलमध्ये पाणी होते. पंपवाला म्हणतो, तुमचीच टाकी घाण होती. मध्ये मालक अडकतो. व्यापारी बंधूंनो, हा प्रकार आपणांस नवा आहे काय? मालाचा वांधा निघाला तर आपण तोंडाने भांडत बसत नाही. राखून ठेवलेला नमुना पुढे करतो. तोच न्याय येथे लावावा. यंत्रणा खोलण्यापूर्वी टाकीतील व फिल्टरमधील डिझेलचे दोन नमुने उभयपक्षांसमक्ष स्वच्छ बाटल्यांत भरून, मोहोर करून, सह्यांनिशी ठेवावेत. डिझेलच्या पावत्या व फिल्टर बदलल्याच्या नोंदी जपाव्यात. कोणता भाग, कोणत्या तपासणीवरून निकामी ठरला, हे लेखी मिळाल्याशिवाय खर्चास संमती देऊ नये.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने माल घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वयंरोजगार म्हणून घेणारा ठरतो. म्हणजे आपली एकच गाडी चालवून पोट भरणाऱ्यास आयोगाकडे दाद मागता येते. अनेक गाड्यांच्या पेढीस तेथे अडचण येते. तिला १९३० च्या मालविक्री कायद्याच्या आधारे दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांच्या प्रकरणात सांगितले की, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या वरिष्ठ न्यायपीठांकडे गेल्या. तथापि त्यातील तत्त्व मला न्याय्य वाटते.

तरीही हमीच्या मुदतीत पंप व इंजेक्टरला बाहेरच्या मिस्त्रीचा हात लावू देऊ नये. कारण मग दोष कोणाचा, हे सिद्ध करणे दुरापास्त होते. मुदत संपलेल्या जुन्या गाडीस मात्र अनुभवी कारागीर पुरेसा आहे. पैसे भरून हमी वाढवायची असेल, तर पंप व इंजेक्टर ही नावे तीत लिहिलेली आहेत की नाहीत, ते आधी पाहावे. नसतील तर तो खर्च व्यर्थ होय.

शेवटी आपल्याही कर्तव्याचा विसर पडू नये. स्वस्त मिळते म्हणून भेसळीचे इंधन भरावयाचे आणि मग निर्मितीतील दोष म्हणून मागणी करावयाची, हे सचोटीच्या व्यापाऱ्यास शोभत नाही. आपल्या संघाने नमुना घेण्याचा व तपासणीचा एक छापील फॉर्म तयार करून सभासदांस द्यावा, अशी माझी सूचना आहे. त्यास खर्च थोडा येईल. पण हंगामाच्या भरात उभ्या राहिलेल्या गाडीचा निर्णय त्यामुळे वादावर नव्हे, पुराव्यावर होईल.