आंबोणातलं हाडूक

मा. आयुक्त,
मंचेरियल महानगरपालिका यांस,



या पत्राची तेलुगू प्रत आपल्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. मराठीत लिहितोय ते आदिलाबाद, राजुरा, सिरोंचाकडच्या आमच्या माणसांसाठी. फंक्शन हॉल आता त्यांच्याकडेही झालेत.

माझ्याकडे तीन म्हशी आहेत. तांदळाचं धोवण, भाजीची देठं, कोंडा आणि मूठभर पेंड कालवली की आमचं आंबोण होतं. शेजारच्या तेलुगू घरात त्यालाच कुडिती म्हणतात. ही जुनी रीत चालली, कारण टाक्यात काय पडतंय ते टाकणाऱ्या बाईला ठाऊक असायचं.

आता उष्टं-खरकटं हॉलच्या मागच्या निळ्या ड्रमात जातं. गेल्या लग्नसराईत एका हॉलमधून मी असे दोन ड्रम आणले. वर पांढराशुभ्र भात. घमेल्यात ओतला तर खालून बिर्याणीची हाडं, कागदी पेले, दह्याच्या फाटक्या पिशव्या. तासभर निवडत बसलो. निवडलेला भात एका म्हशीने अधाशासारखा खाल्ला आणि संध्याकाळी रवंथ थांबवलं. सकाळी शेण पातळ, त्याला आंबट वास. डॉक्टरांनी खाण्याचा सोडा पाजला, सलाईन लावलं. म्हैस वाचली, दूध मात्र गेलं ते गेलंच. चूक माझीच: एवढा भात एकदम पोटात गेला की आम्ल होतं, हे गुराख्याचं पोरही सांगेल.

हाडांचं मात्र माझ्या चुकीवर भागत नाही. ब्रिटनमध्ये मेलेल्या गुरांच्या मांस-हाडांचा चुरा गाईंच्याच खाद्यात घालत. 1986 मध्ये तिथे गाईंचा मेंदू पोखरणारा रोग ओळखला गेला, 1988 मध्ये तो चुरा गुरांना घालायला बंदी आली, तरी 1 लाख 80 हजारांवर गुरांना रोग झालाच. 1996 मध्ये तो माणसापर्यंत पोचल्याचं सरकारने कबूल केलं. या रोगाचं मूळ उकळूनही मरत नाही. 2001 मध्ये तिथेच लाळ्या-खुरकुताची साथ सुरू झाली, ती बहुधा डुकरांना न शिजवता घातलेल्या खरकट्यातून. 60 लाखांवर जनावरं मारावी लागली. आपल्याकडेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे: कोंबडी, डुक्कर आणि मासे सोडून दुधा-मांसाच्या कुठल्याही जनावराला गुरांच्या वा डुकरांच्या मांस-हाडांचं, रक्ताचं खाद्य घालायचं नाही. पोत्यातल्या खाद्याला हा नियम लागतो. ड्रमाला कोण लावणार?

दुसरी गोष्ट चिकनच्या दुकानांची. जिवंत कोंबडीच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा पिसं, रक्त, डोकं, आतडी यांतच जातो. रविवारी दुपारी बारानंतर कुठल्याही दुकानामागचं पिंप उघडून पाहा. (जेवणाआधी पाहू नका.) हा माल कुठेतरी जातोच. महाराष्ट्रात इंदापूर, भिवंडीकडे परदेशी मांगूर माशाची चोरटी तळी अशाच कचऱ्यावर पोसली गेली, आणि त्या माशाच्या पैदाशीला तर 2000 पासून बंदी आहे.

खरं तर हाच माल नीट शिजवला तर सोनं आहे. बंद भांड्यात, दाबाखाली शिजवून चरबी वेगळी आणि प्रथिनांचं पीठ वेगळं काढतात, त्याला रेंडरिंग म्हणतात. युरोपातली सर्वांत कडक पद्धत 50 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे 133 अंशांवर, 3 बार दाबाखाली 20 मिनिटं शिजवायला सांगते. तिथे 2021 पासून कोंबडीचं पीठ डुकराला आणि डुकराचं कोंबडीला चालतं, पण स्वजातीचं स्वजातीला नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे कोंबडीचं पीठ तळ्यातल्या माशांना द्यावं. केरळात चिकनच्या कचऱ्यासाठी असे प्रकल्प चालू आहेत.

एकट्या मंचेरियलचा माल प्रकल्पाला पुरेल का, असं आपले अभियंते विचारतील. बरोबर आहे. पण नदीपलीकडे रामगुंडम महानगरपालिका आहे, दोघींनी मिळून करावा. सल्ल्याला हैदराबादजवळ चेंगिचेर्ल्यात राष्ट्रीय मांस संशोधन संस्थाही आहे.

प्रकल्पाला वर्षं लागतील, एक काम मात्र या लग्नसराईतच होईल. हॉलच्या परवान्यात अट घाला: पंगतीत न गेलेली भात-भाजी एका ड्रमात, ताटातलं उष्टं दुसऱ्यात, हाडं-मांस तिसऱ्यात. तिसऱ्यावर लाल पट्टा हवा आणि तो गोठ्याकडे जाता कामा नये. पहिला ड्रम आम्ही स्वतः येऊन नेऊ. कोंड्यात थोडा थोडा कालवून घालू, एकदम नाही.

परवा त्याच हॉलमधून फोन आला, "सार, ड्रम नेता का?" मी विचारलं, हाडं वेगळी केलीत? तो हसला. म्हणाला, "वेगळी कोण करणार, सार?"

त्याला काय उत्तर देऊ, ते कळवावं.

आपला,
मंचेरियलचा एक म्हैसवाला